गुडघ्याची गोळी आणि आईचा बीपी

प्रश्न : आई ६४ वर्षांची आहे, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी होण्याची गोळी चालू आहे. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून एसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची स्ट्रिप आणते, दोन महिने रोज दोन गोळ्या घेतेय. जेवल्यावर घेतली की काही होत नाही म्हणते. खरंय का?

उत्तर : अर्धंच खरं. जेवल्यावर घेतली तर जळजळ कमी होते, पण ही गोळी रक्तात जाऊन पोटाच्या अस्तराचं संरक्षण कमी करते, त्यामुळे भरल्या पोटीही अल्सर होऊ शकतो. मला जास्त काळजी किडनीची वाटतेय, कारण बीपीची ती गोळी, लघवीची गोळी आणि वर ही पेनकिलर, तिघी एकत्र आल्या की किडनीवर ताण येतो, त्यात उन्हाळा किंवा जुलाब असले तर आणखीच, आणि बीपी पण वाढू शकतो. तेव्हा आता तिला ही गोळी थांबवायला सांगा आणि या आठवड्यातच डॉक्टरांकडे नेऊन बीपी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. बीपीच्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका हं!

स्ट्रिपची मागची बाजू वाचा, बारीक अक्षरात पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ लिहिलेलं सापडेल, म्हणजे तापाला वेगळी पॅरासिटामॉल घेतली की ती यात मिळवून मोजायची. डोकं दुखलं म्हणून वर आयब्युप्रोफेन तर नकोच, ती एसिक्लोफेनॅकच्याच जातीची. गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल चालेल का तेही विचारा, ते रक्तात फार कमी जातं. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.