अलौकिक नायकाचे पहिले मुखपृष्ठ
आपण अलौकिक नायकाच्या कॉमिकच्या मुखपृष्ठासाठी काढलेल्या कच्च्या चित्रात निश्चितच जोर आहे. मात्र ज्वाळा, कवट्या, चंद्र आणि धुके एकाच पानावर दाटल्यामुळे नायक हरवतो, आणि ही चूक सुरुवातीला बहुतेकांकडून होते. १९९४ साली स्वतःची मालिका मिळालेल्या ‘हेलबॉय’ या अमेरिकी कॉमिक-नायकाची, त्याचे निर्माते माइक मिन्योला यांनी काढलेली मुखपृष्ठे सावकाश पाहा: सपाट लाल आकृती, भला मोठा दगडी उजवा हात आणि भोवती इतका गडद काळा रंग, की उरलेले भय वाचक स्वतःच कल्पनेने भरतो.

म्हणून आधी एवढेच करा:
- काडेपेटीएवढी पाच-सहा रेखाटने केवळ काळ्या-पांढऱ्यात काढा. ज्यात बाह्याकृतीवरून नायक ओळखू येईल, तेच पुढे न्या.
- शीर्षकाची जागा पहिल्यापासून मोकळी ठेवा.

पोत आणि चकाकीचा विचार तूर्त नको.