वाचकांचे प्रश्न : बी मायनर मास बसवण्याआधीचा प्रवास

प्रश्न : जर्मन संगीतकार बाखचा बी मायनर मास (चर्चच्या प्रार्थनाविधीवरची गायन-वादनाची मोठी रचना) बसवण्याआधी वाद्यवृंदाचे कंडक्टर जर्मनीत हिंडून येतात. छापील स्वरलिपी सहज मिळते, मग तिथे काय शोधायचं?

उत्तर : आधी घरबसल्या स्कॅन पाहा. बर्लिनमधलं बाखचं हस्तलिखित आणि ड्रेस्डेनमधले सुटे भाग (प्रत्येक गायक-वादकासाठीच्या वेगळ्या प्रती), दोन्ही इंटरनेटवर आहेत. लोहयुक्त शाईने बर्लिनची पानं खाल्लीत. मूळ प्रत सहसा हाती देत नाहीत, हे धरूनच बेत आखा. शिवाय बाखच्या मुलाने, कार्ल फिलिप इमानुएलने, नंतर त्यात दुरुस्त्या केल्या. कोणती खूण कुणाची, हे अभ्यासकांना विचारलेलं बरं.

खरा खजिना ड्रेस्डेनचा. १७३३ चे हे भाग फक्त किरिए आणि ग्लोरियाचे, म्हणजे मासच्या पहिल्या दोन विभागांचे. ग्लोरियातल्या ‘डोमिने देउस’च्या पहिल्याच मापात (तालाच्या एका आवर्तनात) बासरी पाहा: बर्लिनच्या प्रतीत सोळांश स्वर (पूर्ण स्वराच्या सोळाव्या भागाएवढे छोटे) सारख्याच लांबीचे, इथे जोडीतला पहिला आखूड, दुसरा लांब. ही लय पुढेही चालवायची का, ते मात्र लिहिलेलं नाही. निर्णय तालमीआधी घ्या आणि सगळ्यांच्या प्रतींत पेन्सिलीने टिपा. नाहीतर बासरी एक वाजवते, व्हायोलिन दुसरंच.

लाइपझिगला, बाख जिथे काम करायचा त्या सेंट थॉमस चर्चमध्ये, टाळी वाजवून घुमारा सेकंदांत मोजायचा मोह होतो. मोजा, पण त्यावर गती ठरवू नका. बाखनंतर, १८८४ ते १८८९ मध्ये, चर्चचा अंतर्भाग बदलला, आणि रिकामी वास्तू भरलेलीपेक्षा जास्त घुमते.