उष्मादायी, उष्माग्राही: देणारं कोण, घेणारं कोण?

एका आईचा प्रश्न आला आहे. मुलगी दहावीत, मराठी माध्यमात. पुस्तकात ‘उष्मादायी’ आणि ‘उष्माग्राही’ अभिक्रिया आहेत. ती बघते त्या हिंदी व्हिडिओंत मात्र ‘ऊष्माक्षेपी’ आणि ‘ऊष्माशोषी’ म्हणतात. बरोबर काय? ‘उ’ ऱ्हस्व की दीर्घ? आणि मुलीची स्वतःची अडचण अशी, की ‘उष्माग्राही’ म्हणजे उष्णता घेणारी ना? मग भांडं तापायला हवं. ते गार कसं पडतं?

मुलीच्या अडचणीपासूनच सुरुवात करतो, कारण शब्दाचं सगळं मर्म तिने नेमकं पकडलं आहे.

काल रात्री स्वयंपाकघरात करून पाहिलं. स्टीलच्या पेल्यात अर्धा पेला पाणी घेतलं, दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवलं आणि वरून चमचाभर खाण्याचा सोडा टाकला. फसफसून फेस वर आला. तो खाली बसेपर्यंत पेल्याला लावलेली बोटं चांगलीच गारठली. उष्णता घेतली ती अभिक्रियेने. दिली कोणी? पाण्याने, पेल्याने आणि माझ्या बोटांनी. घेतलेली उष्णता नव्या पदार्थांच्या घडणीत मुरते, ती पेल्याला तापवायला उरत नाही. ‘ग्राही’ हे विशेषण अभिक्रियेचं आहे, भांड्याचं नव्हे. भांडं इथे देणाऱ्यांच्या बाजूला आहे.

गोंधळ होतो त्याला आपली रोजची बोलीही थोडी कारण आहे. आपण म्हणतो ‘थंडी पडली’, ‘अंगात गारठा शिरला’. जणू गारवा ही बाहेरून येणारी वस्तूच. प्रत्यक्षात शिरत काहीच नाही, अंगातली ऊब बाहेर जात असते. बर्फ हाताला गार करतो असं आपण म्हणतो तेव्हा हात बर्फाला उष्णता देत असतो.

पण ‘उष्माग्राही म्हणजे गार’ असं पाठ करू नये, हेही मुलीला सांगा. चुन्याची भट्टी डोळ्यांसमोर आणा. चुनखडी भाजून कळीचा चुना करतात ती अभिक्रिया उष्माग्राही आहे, आणि भट्टी तर अंगाची लाही करणारी! 100 ग्रॅम चुनखडीचा चुना व्हायला सुमारे 178 किलोजूल उष्णता लागते. अभिक्रिया इतकी घेते म्हणून तर भट्टी धगधगती ठेवावी लागते. त्यातून कळीचा चुना मिळतो 56 ग्रॅम. त्यावर पाणी घातलं की तो सळसळतो, फुटतो, वाफा सोडतो. त्यात सुमारे 64 किलोजूल बाहेर पडतात. ही उष्मादायी. पुढे तो चुना भिंतीत जातो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश घेत पुन्हा चुनखडी होतो, तेव्हा उरलेले सुमारे 114 किलोजूलही परत देतो. 64 आणि 114 मिळून 178. भट्टीत घेतलेलं सगळं देणं फिटलं. गडकिल्ल्यांवर चुन्याच्या घाणीचं दगडी चाक पडलेलं दिसतं, तिथे मला हा हिशेब नेहमी आठवतो.

आता शब्दांकडे. ‘दायी’ दा धातूवरून, म्हणजे देणारा: फलदायी, आरोग्यदायी. ‘ग्राही’ ग्रह् धातूवरून, घेणारा: गुणग्राही. हिंदीतला ‘क्षेपी’ क्षिप् धातूचा, म्हणजे फेकणारा. आपल्या ‘प्रक्षेपणा’त तोच आहे. ‘शोषी’ म्हणजे शोषून घेणारा. दोन्ही जोड्या संस्कृतातून नियमाने घडलेल्या आहेत, चूक कोणतीच नाही. मराठी पेपरात मात्र मराठी पुस्तकातलीच जोडी लिहावी. मला स्वतःला ती अधिक आवडते, कारण तिच्यात देणं-घेणं आहे, आणि व्यवहार म्हटला की ‘कोणाला दिलं, कोणाकडून घेतलं’ हा प्रश्न आपसूक पुढे येतो. ‘शोषी’चं एक मात्र मान्य करतो: टिपकागद शाई शोषतो तेव्हा शाई बाहेरून आत जाते हे डोळ्यांना दिसतं. या मुलीला कदाचित तो शब्द पहिल्या झटक्यात कळला असता.

इंग्रजीतले ‘एक्झोथर्मिक’ आणि ‘एंडोथर्मिक’ मुळात फ्रेंच. एकोणिसाव्या शतकातल्या मार्सेलँ बर्थेलो या रसायनशास्त्रज्ञाने ते ग्रीक तुकड्यांपासून घडवले: एक्झो म्हणजे बाहेर, एंडो म्हणजे आत. त्यांत फक्त दिशा आहे, देणारा-घेणारा नाही. त्यांतला ‘थर्म’ मात्र आपल्या नात्यातला निघतो. ग्रीक ‘थर्मोस’ आणि संस्कृत ‘घर्म’ एकाच मुळाचे. घर्म म्हणजे उष्णता, आणि त्याचाच मराठीत ‘घाम’ झाला. फारसीतून आलेला ‘गरम’ही याच घराण्यातला. थर्मासमधल्या गरम चहाने घाम फुटला, तर एका वाक्यात तीन चुलत भावंडं भेटली म्हणायची!

राहिला ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न. मूळ धातू उष्, म्हणजे जाळणे. ‘उष्ण’ त्यातूनच आला. संस्कृतात ‘ऊष्मन्’ आणि ‘उष्मन्’ ही दोन्ही रूपं सापडतात. हिंदीने दीर्घ रूप घेतलं, मराठीत ऱ्हस्व रुळलं. उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत ‘उष्माघात’ छापून येतो तो ऱ्हस्वच, आणि व्याकरणात श, ष, स यांना ‘उष्मे’ म्हणतात तेही बहुधा ऱ्हस्वच असतात. हे वर्ण उच्चारताना तळहात तोंडासमोर धरा, उष्ण श्वास हाताला लागेल. तेव्हा पेपरात ‘उष्मा’ ऱ्हस्व लिहायचं, आणि मुलीला आधी तो सोड्याचा पेला हातात धरायला द्या.