पाणी खाली गेले की पंप पाणी का सोडतो?

प्रश्न : विहिरीच्या काठावर 5 एचपीचा मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकत्र जोडलेला) पंप आहे. जानेवारीपर्यंत धार चांगली असते. मार्चमध्ये पाणी पंपापासून 26 फूट खाली गेले की पंपात खडे फिरल्यासारखा आवाज येतो आणि पाणी तुटते. साडेसात एचपीचा पंप घ्यावा का? शिवाय 300 मीटर नवी पाइपलाइन टाकायची आहे, 63 मिमी चालेल का?

उत्तर : मोठा पंप कृपया घेऊ नका, त्रास वाढेल.

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. खरे तर तो सक्शन पाइपमधला, म्हणजे विहिरीतून पंपापर्यंत येणाऱ्या पाइपमधला, दाब फक्त कमी करतो. पाणी वर ढकलते ती विहिरीवरची हवा. हवेचा हा दाब समुद्रसपाटीला सुमारे 34 फूट पाणी तोलतो, देशावर 500-600 मीटर उंचीवर 32 फुटांच्या आसपास. त्यातून फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या तळाची झडप), बेंड, पाइप यांचे घर्षण वजा होते आणि इम्पेलरच्या (पंपातल्या पात्यांच्या फिरत्या चाकाच्या) तोंडाशीही थोडा दाब शिल्लक लागतो. म्हणून भरवसा 20-22 फुटांपर्यंतच. त्याखाली मोटार कितीही मोठी लावा, हवेचा जोर वाढत नाही. उलट मोठा पंप त्याच सक्शनमधून जास्त पाणी मागतो, आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की घर्षण जवळपास चौपट होते.

तो आवाज दुर्लक्ष करण्यासारखा नाही. दाब फार घसरला की पाणी न तापताच वाफेचे बुडबुडे धरते. ते पुढे फुटतात आणि धातू खातात. पंप उघडला तर पात्यांना बारीक खड्डे दिसतील. तूर्त आवाज थांबेपर्यंत डिलिव्हरीचा, म्हणजे पंपातून पाणी पुढे नेणाऱ्या पाइपचा, व्हॉल्व्ह थोडा आवळून चालवा. सक्शनच्या बाजूला मात्र कधीही आवळू नये.

हवा शिरत नाही ना, तेही पाहा. पंप चालू असताना सक्शनच्या प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावा. जिथे फेस आत ओढला जाईल तिथे गळती आहे. फूट व्हॉल्व्ह पाण्यात किमान दीड-दोन फूट बुडालेला हवा.

खरा उपाय म्हणजे पंप खाली घेणे. विहिरीत लोखंडी चॅनलवर ओटा करून तो पाण्यापासून 12-15 फुटांवर बसवा. सक्शन जितके घटेल तितकीच डिलिव्हरी वाढेल, एकूण उंची तीच, त्यामुळे 5 एचपीच पुरेल. पावसाळ्यात पाणी चढण्याआधी मोनोब्लॉक वर काढावाच लागेल. ते जमणार नसेल तर ओपनवेल पाणबुडी पंप घ्या, तो विहिरीच्या पाण्यातच बुडून चालतो, त्याला सक्शनची अडचणच नाही.

पाइप 75 मिमीच टाका. सेकंदाला 5 लिटर पाणी धरले तर 300 मीटरमध्ये 63 मिमी पाइपात अंदाजे 16 मीटर हेड (तेवढ्या उंचीवर पाणी चढवण्याइतका दाब) घर्षणात जातो, 75 मिमीमध्ये सुमारे 7. पंपाची कार्यक्षमता 50 टक्के धरली तर या फरकापायी पंप चालू असेपर्यंत एक एचपीहून जास्त ताकद वाया जाते आणि तिचे बिल तुम्हीच भरता.