लंडनच्या क्रिमिनल चेंबर्समध्ये यायचंय म्हणताय, तर ऐका

ताई, तुम्ही विचारलंत की कोल्हापूरला सेशन्स कोर्टात नऊ वर्षं फौजदारी प्रॅक्टिस झाली आहे, मिस्टरांना लंडनला नोकरी मिळतेय, मुलगी सात वर्षांची आहे. तिथल्या एखाद्या जुन्या, क्रिमिनलमध्ये नावाजलेल्या बॅरिस्टर (म्हणजे कोर्टात उभं राहून केस लढवणारे वकील) चेंबर्समध्ये शिरकाव होईल का, आणि आत नेमकं कसं असतं? परदेशी वकिलांची ट्रान्सफर टेस्ट, त्यातली सूट, फी, व्हिसा हे सगळं बार स्टँडर्ड्स बोर्ड आणि होम ऑफिसच्या साइटवर आहे, ते मी लिहीत नाही. बाकीचं लिहितो. दोन दिवस तुमचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

मी साताऱ्याचा. २०१२ च्या जानेवारीत बायकोच्या मागोमाग आलो. ती डॉक्टर, मी डिपेंडंट, म्हणजे तिच्या व्हिसावर आलेला. या शब्दाची सवय व्हायला मला वर्ष लागलं. इथे दहा वर्षं सनद असलेला वकील कुणाला दिसत नाही, दिसतो तो डबा भरणारा नवरा. त्याबद्दल तक्रार नाही, डबा मी अजूनही भरतो.

आधी कागद. माझ्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. सनदेवर वडिलांचं नाव मधे. पासपोर्टवर माझं आणि वडिलांचं नाव एकत्र करून ते पहिलं नाव झालेलं. इथे कागद तपासणाऱ्या बाईंना वाटलं, ही तीन वेगळी माणसं आहेत. मी तीन ॲफिडेव्हिट केली की मीच तो. आयुष्यभर दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं केली, पण स्वतःच्या अस्तित्वाचं करताना हात थरथरला. गुड स्टँडिंगचा, म्हणजे सनद निर्वेध असल्याचा, बार कौन्सिलचा दाखला येईपर्यंत सात महिने गेले, आणि आला तेव्हा त्यात आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. तिथला कारकून फोनवर म्हणाला, 'साहेब, एवढं काय त्यात?' तेव्हा निघण्याआधीच सगळ्या कागदांवर नाव एकसारखं करून घ्या. बाकी काही ऐकलं नाहीत तरी एवढं ऐका.

आता चेंबर्स. आपल्याकडचं चेंबर म्हणजे सीनियरची खोली, एआयआरची (निकालांच्या खंडांची) कपाटं, बाहेर बाकावर अशील. इथे तसं नाही. पन्नास-साठ बॅरिस्टर एका छताखाली असतात, पण प्रत्येकाचा धंदा स्वतंत्र. भाडं आणि क्लार्कांचा (कामं आणून वाटणाऱ्या व्यवस्थापकांचा) खर्च वाटून घ्यायचा. पगार कुणालाच नाही. क्रिमिनलमध्ये ब्रीफ, म्हणजे केसचे कागद, येतं ते बहुतेक सॉलिसिटरकडून (अशिलाशी थेट संबंध असणारा वकील), आणि कुणाला काय मिळणार हे बरंचसं क्लार्कच्या हातात. क्लार्क नाराज झाला की हायकोर्टाचा जज नाराज झाल्यासारखंच. संध्याकाळी सहाला तो सांगणार, उद्या सकाळी स्नेअर्सब्रूकचं क्राउन कोर्ट, म्हणजे इथलं सेशन्स. केसचा अभ्यास ट्यूबमध्ये, लंडनच्या मेट्रोत, करायचा. मी गेलो तेव्हा डिफेन्सच्या ब्रीफची गुलाबी फीत अजून दिसायची, आता सगळं स्क्रीनवर आहे.

जागा मात्र खरंच भारून टाकते. टेंपलमध्ये, म्हणजे चेंबर्सच्या जुन्या वस्तीत, संध्याकाळी गॅसचे दिवे लागतात, टेंपल चर्च ११८५ सालचं. (जुन्या वाटणाऱ्या कितीतरी इमारती १९४०-४१ च्या बॉम्बहल्ल्यांनंतर पुन्हा बांधलेल्या आहेत, हे कुणी सांगत नाही.) बॅरिस्टर व्हायला चार जुन्या 'इन' संस्थांपैकी एकीचं सभासद व्हावं लागतं. मी ग्रेज इन निवडलं. कारण एकच, १९२२ मध्ये बाबासाहेब तिथून बॅरिस्टर झाले. सावरकर तिथेच शिकले, पण त्यांना सनद नाकारली गेली. ओल्ड बेलीची, म्हणजे लंडनच्या मुख्य फौजदारी कोर्टाची, आजची इमारत १९०७ ची. ती दोन वर्षांची असताना तिथे मदनलाल धिंग्रांचा खटला एका दिवसात आटोपला, आणि त्यांच्या बाजूने उभा राहायला वकील नव्हता. मी पहिल्यांदा त्या दारातून आत गेलो तेव्हा हेच आठवत होतं. पाय जड झाले, आणि खोटं कशाला बोलू, छातीही फुगली.

पुपिलेज, म्हणजे चेंबर्समधली उमेदवारी, बारा महिन्यांचं. पहिले सहा महिने कुणाच्या तरी मागे फाइल घेऊन फिरायचं, पुढचे सहा स्वतः उभं राहायचं. पूर्वी शिकाऊ माणूसच शंभर गिनी मोजायचा, आता चेंबर्सला किमान रक्कम द्यावी लागते. मला एका जुन्या चेंबर्समध्ये जागा मिळाली, चाळिसाव्या वर्षी. माझ्यासोबत पुपिलेज करणारी मुलगी पंचवीसची. ज्यूरीपुढे बोलणं ही वेगळीच विद्या आहे. आपण जजला कलम आणि रुलिंग ऐकवतो. नानावटी खटल्यातली ज्यूरी आपण गोष्टीत ऐकली. इथे बारा अनोळखी माणसं तुमच्या तोंडाकडे बघत असतात. मी 'विटनेस' म्हणायचो. ओठांचा चंबू करून 'डब्ल्यू' म्हणायचा सराव मी आंघोळ करताना केला आहे.

वर्ष संपल्यावर सभासदांची बैठक झाली, टेनन्सीची, म्हणजे चेंबर्सच्या कायम सभासदाची, जागा एकच होती. लीगल एडच्या (गरीब आरोपींच्या वकिलाला सरकार देतं ते पैसे) कपातीचे दिवस होते. २०१३ च्या अखेरीस टुक्स चेंबर्ससारखं मानवी हक्कांच्या केसेससाठी नावाजलेलं चेंबर्स बंद झालं होतं, २०१४ च्या जानेवारीत क्रिमिनल बॅरिस्टरांनी पहिल्यांदाच काम थांबवलं होतं. जागा त्या मुलीला मिळाली. ती माझ्यापेक्षा चांगली होती का? उलटतपासात नव्हती. पण तिचा आवाज त्या भिंतींना ओळखीचा होता.

पैशाचंही ऐका. २०२२ च्या क्रिमिनल बॅरिस्टरांच्या संपात सगळ्यांच्या तोंडी असलेला आकडा होता, क्रिमिनलमधल्या नव्या बॅरिस्टरची पहिल्या तीन वर्षांतली कमाई वर्षाला सुमारे १२,२०० पौंड. तो संप १५ टक्के वाढीवर मिटला. क्राउन कोर्टात तुंबलेले खटले ७० हजारांच्या वर आहेत, म्हणजे काम आहे. तारीख पे तारीख इथेही आहे, फक्त सॉरी म्हणून देतात.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. सवय होते.

मुलीच्या शाळेचं मात्र थांबून सांगतो. मुलगा सहा वर्षांचा होता. अधल्यामधल्या महिन्यात आल्यामुळे जवळच्या शाळेत जागा नव्हती, दोन बस बदलून जावं लागायचं. पालकसभेत बाई म्हणाल्या, 'घरी इंग्रजीच बोला, त्याचा गोंधळ होतोय.' मी मान डोलावली. सरकारी वकिलाच्या प्रत्येक लीडिंग प्रश्नाला उठून ऑब्जेक्शन घेणारा माणूस, तिथे छोट्या खुर्चीत गुडघे दुमडून बसून 'येस, ऑफ कोर्स' म्हणाला. त्या रात्रीपासून आम्ही घरात मोडकंतोडकं इंग्रजी बोलायला लागलो. आता तो युनिव्हर्सिटीत आहे. आजीशी फोनवर 'कशी आहेस' म्हणतो आणि फोन माझ्या हातात देतो. आई पलीकडून विचारते, 'रागावलाय का रे?' तुम्हाला कुणी असं सांगितलं तर ऐकून घ्या आणि घरी येऊन मराठीतच भांडा.

मी आज एका सॉलिसिटर फर्मसाठी पोलीस स्टेशनात जातो. रात्री दोनला फोन येतो, कोठडीतल्या माणसाशेजारी बसतो, त्याला म्हणतो, बोलू नकोस. काम मला आवडतं. पुढे त्याच्यासाठी विग घालून कोर्टात उभं कुणीतरी दुसरंच राहतं.

तुम्ही येऊ नका असं मी म्हणणार नाही. पण २०२५ च्या ऑगस्टपासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच बसलं आहे. चाळीस वर्षांहून जास्त ज्यासाठी भांडलो, ते तुमच्या दारात आलं, आणि तुम्ही निघालात. माझं मन म्हणतं, दोन वर्षं तिथे अपिलं चालवून मग या. मिस्टरांना हे पटणार नाही, कळतं मला.

एक सांगायचं राहिलं. इथल्या चेंबर्सच्या दाराशी सभासदांच्या नावांची रंगवलेली पाटी असते, ज्येष्ठतेप्रमाणे वरून खाली. पुपिलेजच्या दिवसांत मी साताऱ्याच्या माझ्या सीनियरना तिचा फोटो पाठवला होता. सरांनी विचारलं, तुझं नाव कुठे? मी म्हटलं, ज्युनियरांची नावं खाली असतात सर, फोटोत आली नाहीत. सरांनी तो फोटो फ्रेम करून चेंबरमध्ये लावला. अठ्ठ्याहत्तरी उलटली आहे, तरी ते आता मॅटर घेऊन कोल्हापूरला येतात. बार रूममध्ये कधीतरी गाठ पडेलच. लंडनला निघालेय असं कळलं की ते माझं नाव काढतील. नमस्कार सांगा. पाटीचा विषय निघाला तर चहा मागवा आणि दुसरं काहीतरी बोला.