आतल्या माणसाची साक्ष कशी तोलायची?
अरे, आतल्या माणसाने तोंड उघडलं की 'याचा हेतू काय' यातच तू अडकतोस. वॉटरगेट, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घरफोडी दडपण्याचं अमेरिकेतलं प्रकरण, त्यातला राष्ट्राध्यक्ष निक्सनचा कायदेशीर सल्लागार जॉन डीन घे. स्वतः लपवाछपवीत बरबटलेला, वर कारवाईतून अभय मिळावं म्हणून धडपडणारा. जून १९७३ मध्ये त्याने सिनेट समितीपुढे २४५ पानी निवेदन वाचलं. पुढच्याच महिन्यात निक्सनच्या बटरफिल्ड नावाच्या माजी सहायकाने, निक्सनच्या कार्यालयातल्या संभाषणांच्या ध्वनिफितींचं गुपित फोडलं. त्या फितींशी ताडून पाहिल्यावर कळलं, की कोण नेमकं काय बोललं यात डीनने बरीच गल्लत केली होती. पण निक्सनला लपवाछपवी ठाऊक होती हा गाभा पक्का निघाला. तेव्हा तपशील हुकला म्हणून लगेच खोटारडा ठरवू नकोस. तारीख, खोली, हजर माणसं विचार, आणि कागद माग. स्वतःचा वाटा तो किती सांगतो, तेही बघ. डीनने सांगितला होता.