बिडाचं वेल्डिंग टिकत नाही

प्रश्न: पंपाची बिडाची (कास्ट आयर्नची) बॉडी साध्या 6013 रॉडने (माइल्ड स्टीलच्या वेल्डिंग रॉडने) जोडली, पण थंड होताना टण्ण आवाज आला आणि जोडाशेजारीच परत तडकली. काय चुकलं?

उत्तर: रॉड चुकला भाऊ. बिडात कार्बन साधारण 2 ते 4 टक्के असतो, त्यामुळे जोडाची कड काचेसारखी कडक होते आणि थंड होताना धातू आकसला की ताण न झेपून तडकते. निकेल रॉड घ्या, महाग आहे पण बॉडी वाचते. आधी तड्याच्या दोन्ही टोकांना ड्रिलने भोक मारा म्हणजे तडा पुढे सरकत नाही, मग ग्राइंडरने व्ही खाच काढून दोन-तीन सेंटीमीटरचाच टाका मारा, गरम असतानाच हातोडीने हलकं ठोका, हात लावण्याइतकं निवलं की पुढचा. पाणी तर अजिबात ओतू नका!